खैरून काय करायची

सन एकोणीसशे चौऱ्याऐंशी. मी चौतीस वर्षांचा होतो, खैरून, आणि माझी आई वारली होती. आत बाया रडत होत्या, पण तिला आंघोळ घालायला कुणी पुढे होत नव्हतं. म्हातारी बन्नूखाला एकटी बादलीपाशी उभी होती. ती उंबऱ्यात येऊन म्हणाली, "अगं, दोन हात द्या कुणीतरी. मला एकटीला कूस वळवता येत नाही." माझ्या दोन्ही बहिणी भिंतीला चिकटल्या. तू आपल्या तान्ह्या सलीमला माझ्या मांडीवर ठेवलंस, बाह्या वर केल्यास आणि आत गेलीस.

तासाभराने बाहेर आलीस तेव्हा तुझ्या अंगाला कापराचा वास येत होता. मी मनात म्हटलं, या बाईचे उपकार जन्मभर विसरायचे नाहीत. जन्मभर म्हणजे किती, तर दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत. सकाळी तू चहा आणलास आणि मी कप तुझ्या हातातून घेतला नाही. म्हटलं, "खाली ठेव." तू ठेवलास. तो तिथेच निवला. लोक म्हणतील, त्यात काय एवढं. पण तुला समजलं होतं, आणि तुला समजलंय हे मला समजलं होतं.

काल काझीबाई येऊन गेल्या. त्याच, मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई. त्यांनी एक छापील कागद दिला. वर लिहिलंय, 'आपल्या वस्तीतल्या प्रेरणादायी मुस्लिम महिला'. खाली नाव, वय, आणि मग 'कार्य' म्हणून सात रेघा. म्हणाल्या, "बाबा, चार ओळी लिहून द्या, पुस्तिकेत छापू. मुलींना वाचायला देऊ." मी म्हटलं, मी तिसरीतून पळालेला माणूस. नांदगावच्या शाळेत पाटी फोडली ती फोडली. त्या म्हणाल्या, "मग सलीमभाईंना सांगा लिहायला." माझं डोकं सणकलं. माझ्या बायकोचं सलीम काय लिहील? सलीमला काय माहीत? सात रेघा भरल्या आणि पुढे थांबता येईना, म्हणून ही वही घेतली. शुद्धलेखन रिझवानाने बघितलंय, आपल्या सुनेने. शब्दाला हात लावू दिला नाही.

तू काय करायचीस ते मी डोळ्यांनी कधी बघितलेलं नाही. बाईची मय्यत बाईनेच धुवायची, पुरुषाने तिकडे डोकवायचंसुद्धा नाही. मला माहीत होती फक्त ती थैली. दारामागच्या खिळ्यावरची निळी बाजाराची थैली. तिच्यात कात्री, कापराच्या वड्या, अत्तराची कुपी, जुन्या चादरीतून शिवलेल्या हातात घालायच्या पिशव्या, आणि पाण्यात उकळायला बोरीचा पाला. बन्नूखाला गेली तेव्हा तिला तूच धुतलंस आणि तिची थैली आपल्या घरी आली. एकदा खिळा निसटून थैली खाली पडली, तर मी ती काठीने सरकवली. तू बघत होतीस. उचललीस, झटकलीस, परत टांगलीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं. भांडणात मी तुला कधी हार गेलो नाही, पण तू गप्प बसलीस की मला काही सुचायचं नाही.

माणसं कधीही यायची. "खाला हायेत का?" एवढंच दारातून विचारायची आणि तू ताटावरून उठायचीस. परत आलीस की आंघोळ करायचीस, पण त्या दिवशी चुलीपाशी जायचं नाही, मला वाढायचं नाही, हा कायदा माझा. आपल्या नसीमने सात वर्षांची असल्यापासून त्या दिवशीच्या भाकरी थापल्या. वाकड्यातिकड्या. मी त्या मुकाट्याने खायचो आणि तू मागच्या दारात बसून बघायचीस.

"दीनात असं कुठं सांगितलंय?" एकदा तू विचारलंस. "मौलानांना विचारा."

"मला कुणाला विचारायचं नाय."

"तुम्ही ट्रकखालनं निघता, मिस्त्री, कोपरापर्यंत काळं तेल. मी कधी म्हटलं का, ताट लांब घ्या?"

"तेल धुतल्यावर जातं."

"मग मी काय धूत नाही?"

मी ओरडलो. तुला सांगितलं नाही, पण मौलाना एकदा स्वतःहून द्वारका चौकात माझ्या गॅरेजवर आले होते. मी ट्रकच्या कमानपाट्यावर घण घालत होतो. म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या घरात फार मोठं सवाबाचं, पुण्याचं काम चालतं." मी म्हटलं, "मग तुमच्या घरातनं सुरू करा की." ते हसून गेले. मला वाटलं, मी जिंकलो.

अजून एक तुला सांगितलेलं नाही. नसीमचं सिन्नरचं स्थळ मोडलं, तेव्हा मी तुला काय काय बोललो. मुडदे धुणारीची पोर कोण करणार, असं बोललो. पोरीच्या देखत. तू तीन दिवस जेवली नाहीस. पुढे दोन वर्षांनी त्या मुलाचा मामा ट्रक घेऊन द्वारकेला आला. मला ओळखून म्हणाला, "मिस्त्री, राग मानू नका, पण सोयरीक मोडली ती तुमच्या तोंडामुळं. एका कमानपाट्याच्या कामावरून तुम्ही माझ्या भावाला चारचौघांत काय नाय ते बोलला होतात. त्या माऊलीबद्दल आम्ही कधी वाकडं ऐकलं नाय." मी त्याचा ट्रक दुरुस्त करून दिला, हात धुतले, घरी आलो. तू भाजी निवडत होतीस. मी म्हटलं, "आज लय ऊन हाय." बास. तेवीस वर्षं झाली, ते वाक्य माझ्या घशातच आहे. आता कुणाला सांगू? कबरस्तानात रोज जातो आणि उभा राहतो. तिथेही तोंडातून उन्हाचंच निघतं.

पण तू घाबरट नव्हतीस, खैरून. मागच्या गल्लीतली ती नवी सून गेली तेव्हाचं मला आठवतं. सासरचे म्हणाले, जिन्यावरून पडली. तू आत गेलीस आणि पाच मिनिटांत थैली घेऊन बाहेर आलीस. म्हणालीस, "मी धुणार नाही. आधी पोलिसांना बघू द्या." कालवा झाला. कुणी म्हणालं, धुणारीने आतलं बाहेर सांगायचं नसतं. ते खरं होतं, तूच मला कितीदा सांगितलं होतंस की मय्यतीच्या अंगावर काय दिसलं ते धुणारी मरेपर्यंत बोलत नाही. मी तुझा दंड धरला. भर गल्लीत. "घरी चल, माझी अब्रू घालवू नको." तू माझा हात सोडवलास. म्हणालीस, "दोष झाकायचा तो मेलेल्याचा. मारणाऱ्याचा नाही."

आणि तिथेच दगडावर बसलीस, पोलीस येईपर्यंत. दुपार डोक्यावर आली तरी उठली नाहीस. संध्याकाळी दवाखान्यातून त्या पोरीला परत आणलं, तेव्हा तूच तिला धुतलंस. तिची आई तुझ्या हातांना ओठ लावत होती, मी लांब उभा राहून बघत होतो. त्या रात्री मी कुणाच्या हातची भाकर खाल्ली? नसीमचं लग्न होऊन गेलेलं होतं. मी द्वारकेहून पाव आणला. तुला दिला नाही, तू मागितला नाहीस.

कोरोनात आपल्या गल्लीतल्या तीन बाया प्लास्टिकमध्ये गुंडाळून तशाच नेल्या. तू दाराशी बसून म्हणत होतीस, "पाणीसुद्धा लागलं नाही हो त्यांना." मी म्हटलं, बरं झालं, तू सुटलीस. तू वर बघितलंस. ती नजर मी कधीच विसरणार नाही.

आणि मग काझीबाई पहिल्यांदा आल्या तो दिवस. दोन वर्षं झाली त्याला. बरोबर दोन पोरी, हातात वही. शाळेच्या हॉलमध्ये आपल्यातल्या कर्तबगार बायांचा सत्कार करायचा होता. एक डॉक्टर, एक वकील, एक फौजदार झालेली पोर, आणि चौथं नाव तुझं. तुझं नाव त्यांना वस्तीतल्या पोरींनीच दिलं होतं. मी पुढच्या खोलीत खुर्चीवर. तू पडद्यामागे चहाचा ट्रे घेऊन.

काझीबाईंनी विचारलं, "बाबा, आजी नेमकं काय करतात, तुमच्या शब्दांत सांगाल?"

मी म्हटलं, "काही नाही. घरातलं बघते."

"पण आम्ही ऐकलंय, चाळीस वर्षांपासून त्या..."

"चुकीचं ऐकलंय. वेगळी कुणी असेल."

पडद्यामागे कप वाजले. एकदाच. मग तू चहा घेऊन आलीस, सगळ्यांना दिलास, पोरींच्या डोक्यावरून हात फिरवलास. पोरी तुझ्याकडे बघत होत्या, तू त्यांच्याकडे बघून हसत होतीस. त्या गेल्यावर मी भांडायची तयारी करून बसलो होतो. तू कप विसळलेस आणि दळण आणायला गेलीस.

सत्काराला तू गेलीस. चौथ्या रांगेत बसून टाळ्या वाजवून आलीस. घरी येऊन सांगत होतीस, "ती फौजदार पोर काय बोलली म्हणून सांगू! म्हणाली, माझी आई घरोघरी धुणीभांडी करायची, मी तिचं नाव घेतल्याशिवाय सुरुवात करत नाही." मी पेपर तोंडापुढे धरला होता. मग तू म्हणालीस, "मला हार नको होता, मिस्त्री. फोटो तर नकोच. तुम्ही एकदा तोंडाने म्हणायला पाहिजे होतं, मी काय करते ते. एकदाच."

मी पेपर खाली केला नाही.

थोड्या दिवसांनी तू म्हणालीस, "माझी बोटं आखडत चाललीत. डाव्या हाताची तर मिटलेलीच राहतात. माझ्यामागं कुणीतरी पाहिजे. रिझवानाला बरोबर नेते."

"माझ्या सुनेच्या हातात ती थैली दिसली, तर या घरात मी तरी राहीन नाहीतर ती थैली."

तू म्हणालीस, "बरं." मी ते खरं मानलं. इतक्या वर्षांत तुझ्या 'बरं'चा अर्थ मला कळला नाही.

आणि बारा दिवसांपूर्वी तू पहाटेची फजरची नमाज पढून बसलीस ती तशीच कलली. मी हाक मारली, हलवलं. शेजारच्या बाया आल्या. त्यांनी नाडी बघितली, डोळे मिटवले, आणि एकीने मला म्हटलं, "बाबा, आता लांबून. आता तुम्ही हात नाही लावायचा." आपल्यात तशी रीत आहे हे मला माहीत नव्हतं का? बायको गेली की नवऱ्याला ती परकी. तोंड बघायचं, तेही लांबून. जितके दिवस तुझ्या हातचं मी दूर ठेवलं, त्यातला एक दिवस मला आता परत पाहिजे होता. कुणाकडे मागू?

दुपारच्या जोहरच्या नमाजेनंतर दफन, असं मशिदीतून सांगून झालं. मय्यत धुवायचा तख्ता आणला, परसात चादरी बांधल्या, पाणी तापवलं. धुणारी नाही. वडाळ्याची एक बाई होती ती लेकीकडे मालेगावला गेलेली. दुसरी खुब्याचं हाड मोडून खाटेवर. पाणी निवलं. परत तापवलं, परत निवलं. मी बाहेर खुर्चीवर बसलो होतो आणि माझ्या पाठीमागे माणसं हळू आवाजात बोलत होती.

"मालेगावला फोन लावा."

"तिथून निघून यायला संध्याकाळ होईल."

"एवढ्या मोठ्या वस्तीत एक बाई नाही?"

"होती ना. तीच तर गेली."

ऐकलंस का, खैरून? तू कुणाला ताटकळत ठेवलं नाहीस. तुझी मय्यत मात्र सकाळपासून तशीच पडली होती, आणि ती माझ्यामुळे पडली होती. हे त्या घोळक्यात फक्त मला माहीत होतं. मला वाटलं, जमीन फाटावी.

तेवढ्यात रिझवाना दारात आली. पदर डोक्यावर, डोळे लाल. "अब्बा, मला येतं."

"काय येतं?"

"धुवायला. अम्मींबरोबर जात होते दोन वर्षं. तुम्ही गॅरेजवर गेलात की. पण अम्मींनी वचन घेतलंय, अब्बांनी तोंडाने हो म्हटल्याशिवाय चारचौघांत थैली उचलायची नाही. म्हणून विचारते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गॅरेजची माणसं, व्याही, मौलाना. सलीम जमिनीकडे बघत होता. एकच शब्द होता, खैरून. लहान पोराला येतो. तो निघेना. आत तू तशी पडलेली आणि मला त्या माणसांची लाज वाटत होती. शेवटी मी मान हलवली. कुणीतरी म्हणालं, "हलवली, हलवली मान बाबांनी." रिझवाना आणखी थोडा वेळ उभी राहिली. ती शब्दाची वाट बघत होती. मग आत गेली.

तुला तिसऱ्या प्रहरी, असरला नेलं. मी खांदा दिला, तेवढी तरी परवानगी होती. परत आल्यावर मी रिझवानाला एकटीला गाठलं. तिच्या बाह्या अजून ओल्या होत्या.

"तिचा डावा हात... बोटं उघडली का गं? मिटलेलीच राहायची."

ती ओल्या बाह्या खाली ओढायला लागली.

"एवढंच सांग. मी काही दुसरं विचारत नाही. तिला दुखायचं तिथं."

मी हात जोडले, खैरून. सुनेपुढे. तिचे डोळे भरून आले, पण म्हणाली, "अब्बा, आत काय बघितलं ते सांगायचं नसतं. अम्मींनीच शिकवलंय."

शिकवलंस ते पक्कं शिकवलंस. आता मला ते कधीच कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक भेटायला येऊन बसले होते. रिझवाना चहा घेऊन आली. मी तिचे हात बघितले. मग कप तिच्या हातातून घेतला, दोन्ही हातांनी. पहिला घोट घेतो तोच दारात मोटारसायकल थांबली. एक अनोळखी माणूस, विस्कटलेला. "खैरून खाला इथंच राहतात ना? आमची आई गेली. आम्ही टाकळीकडे नवीन आहोत, आमचं कुणी ओळखीचं नाही."

रिझवाना पडद्यामागे सरकली, तू उभी राहायचीस तिथेच. मी म्हटलं, "खैरून काल गेली." त्या माणसाने डोक्याला हात लावला आणि तो वळला.

"थांब," मी म्हटलं. मी उठून उभा राहिलो. "माझी बायको मय्यत धुवायची. बेचाळीस वर्षं धुतली. माझ्या आईपासून. तिनं माझ्या सुनेला शिकवलंय. माझी सून येईल."

मोठ्याने म्हटलं, घण घालताना हाक मारतो तसं. समोरच्या खिडकीत बाया आल्या. तू पडद्यामागे नव्हतीस. एकदाच म्हणायचं होतं, ते म्हटलं, आणि ऐकायला तू नव्हतीस.

मग दारामागच्या खिळ्यावरून थैली मी काढली. हाताने. आत बघितलं तर बोरीचा पाला संपलेला, आदल्या दिवशी तुलाच लागला होता. त्या माणसाकडून पत्ता घेतला, थैली रिझवानाच्या हातात दिली, तिला सलीमबरोबर पुढे पाठवलं, आणि मी कबरस्तानाच्या भिंतीलगतच्या बोरीकडे गेलो. तुझी माती अजून ओली होती. काटे हातभर. इतकी वर्षं पाला कोण आणायचं, कुठून आणायचं, हे मी कधी विचारलं नव्हतं. फांद्या तोडल्या, रिक्षाने टाकळीकडे गेलो, त्या अनोळखी घराच्या बाहेर पायरीवर बसून एक एक पान खुडलं, आणि ओंजळ दारातून आत दिली.